मुक्त खेळाडू आणि वेतनमर्यादा

व्यावसायिक संघाबरोबरचा करार संपल्यावर कोणत्याही संघाशी स्वतः बोलणी करून नवा करार करण्याचा हक्क ज्याला असतो, त्या खेळाडूला मुक्त खेळाडू किंवा फ्री एजंट म्हणतात. एका संघाने आपल्या सर्व खेळाडूंवर मिळून एका हंगामात किती खर्च करावा याची वरची सीमा म्हणजे वेतनमर्यादा, अर्थात सॅलरी कॅप. मुक्ततेने खेळाडूचा भाव वाढतो, मर्यादेने तो आवरला जातो. म्हणून अमेरिकेतील मोठ्या व्यावसायिक लीगमध्ये या दोन्हींवर एकत्रच वाटाघाटी होतात. त्यांपैकी मेजर लीग बेसबॉलमध्ये खेळाडूंनी मुक्ततेचा हक्क झगडून मिळवला आणि वेतनमर्यादा आजवर येऊ दिली नाही. भारतातील इंडियन प्रीमियर लीग (आयपीएल) आणि प्रो कबड्डी लीगमध्ये मर्यादा पहिल्या दिवसापासून आहे, मुक्ततेचा हक्क मात्र नाही. अहिल्यानगर (पूर्वीचा अहमदनगर) जिल्ह्यातून पुढे आलेले झहीर खान, अजिंक्य रहाणे आणि कबड्डीपटू अस्लम इनामदार यांची कारकीर्द याच व्यवस्थेत घडली.

बेसबॉलमधील बंधन जुने होते. 1879 मध्ये नॅशनल लीगच्या मालकांनी प्रत्येक संघातील पाच खेळाडू 'राखीव' ठेवण्याचे आपसांत ठरवले. पुढे हे कलम सर्वच खेळाडूंच्या करारात आले. करार संपला तरी संघाला तो आणखी एका वर्षासाठी वाढवता येईल, असे त्यात म्हटले होते. वाढवलेल्या करारातही तेच कलम असल्यामुळे तो पुन्हा वाढवता येतो, असा अर्थ मालकांनी लावला आणि एका वर्षाची मुदत तहहयात झाली. नगर जिल्ह्यातील ऊस उत्पादकाला हे समजावून सांगावे लागणार नाही. 1997 मध्ये झोनबंदी उठेपर्यंत ऊस ज्या कारखान्याच्या क्षेत्रात, त्याच कारखान्याला तो घालावा लागे. शेजारचा कारखाना चढा भाव देत असला तरी मोळी तिकडे नेता येत नसे. बेसबॉलपटूला तर खेळ सोडण्याखेरीज दुसरी वाटच नव्हती. 1922 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने बेसबॉल हा आंतरराज्य व्यापार नाही असे ठरवून त्याला मक्तेदारीविरोधी कायद्यातून वगळले, त्यामुळे न्यायालयाचा दरवाजाही बंद झाला.

तो ठोठावला कर्ट फ्लड याने. सेंट लुइस कार्डिनल्सच्या या मध्यक्षेत्ररक्षकाला ऑक्टोबर 1969 मध्ये न विचारता फिलाडेल्फियाला देण्यात आले. वर्षाला 90 हजार डॉलर मिळवणारा हा कृष्णवर्णीय खेळाडू जायला तयार झाला नाही. आपण खरेदी-विक्रीची मालमत्ता नाही, असे त्याने डिसेंबरमध्ये बेसबॉलचे आयुक्त बोवी कून यांना पत्राने कळवले. 1972 मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो 5 विरुद्ध 3 मतांनी हरला आणि तोवर त्याची कारकीर्दही संपली होती. ज्या हक्कासाठी त्याने सर्वस्व पणाला लावले, त्याचा एक डॉलरही त्याला मिळाला नाही.

हक्क मिळाला तो लवादाकडून. पोलाद कामगारांच्या संघटनेतून आलेले मार्विन मिलर 1966 पासून खेळाडू संघटनेचे प्रमुख होते. मालकांशी झालेल्या सामूहिक करारात त्यांनी तक्रारींसाठी तटस्थ लवादाची तरतूद करून घेतली होती. अँडी मेसरस्मिथ आणि डेव्ह मॅकनॅली या दोन गोलंदाजांनी 1975 मध्ये नव्या करारावर सही केलीच नाही आणि वाढीव वर्ष आता संपले, असा दावा केला. 23 डिसेंबर 1975 रोजी लवाद पीटर साइट्झ यांनी तो मान्य केला: एक वर्ष म्हणजे एकच वर्ष. मालकांनी साइट्झ यांना तत्काळ पदावरून दूर केले, पण निकाल न्यायालयात टिकला.

पुढची वाटाघाट अधिक शिकवणारी आहे. सर्वच खेळाडू दरवर्षी मोकळे झाले तर बाजारात त्यांची गर्दी होऊन भाव पडेल, हे मिलर यांनी ओळखले होते. म्हणून 1976 च्या करारात सहा वर्षे सेवा झालेल्यांनाच मुक्तता देण्याची अट त्यांनी स्वीकारली. दरवर्षी थोडेच खेळाडू मोकळे होतात आणि त्यांच्यासाठी अनेक संघ झुंजतात. सुमारे तीन वर्षे सेवा झालेल्यांना लवादापुढे वेतनाची दाद मागता येते आणि तिथे मुक्त खेळाडूंचे आकडे दाखल्यासाठी उपयोगी पडतात. 1975 मध्ये सरासरी वेतन सुमारे 45 हजार डॉलर होते. 2025 च्या हंगामारंभी ते 50 लाख डॉलरच्या पुढे होते. डिसेंबर 2024 मध्ये हुआन सोटो याने न्यूयॉर्क मेट्सशी 15 वर्षांचा 76.5 कोटी डॉलरचा करार केला.

हा चढता भाव रोखण्याचे मालकांचे प्रयत्न थांबले नाहीत. 1985 ते 1987 या काळात त्यांनी एकमेकांच्या मुक्त खेळाडूंना बोलीच लावायची नाही असे छुपे संगनमत केले. ते सिद्ध झाल्यावर 28 कोटी डॉलरची भरपाई द्यावी लागली. 1994 मध्ये त्यांनी उघडपणे वेतनमर्यादा मागितली. खेळाडूंनी 12 ऑगस्टला संप पुकारला आणि 1904 नंतर प्रथमच वर्ल्ड सिरीज रद्द झाली. मालकांनी मर्यादा एकतर्फी लागू करून पाहिली. 31 मार्च 1995 रोजी न्यायाधीश सोनिया सोटोमायोर यांनी जुन्या अटी कायम ठेवण्याचा मनाई हुकूम दिला आणि 232 दिवसांचा संप मिटला.

तडजोड म्हणून नंतर चैन-कर, म्हणजे लक्झरी टॅक्स आला. ठरावीक उंबरठ्याच्या वर गेलेल्या खर्चावर तो भरावा लागतो. 2025 मध्ये हा उंबरठा 24.1 कोटी डॉलर होता. श्रीमंत संघांना त्याचा फारसा धाक नाही: लॉस एंजेलिस डॉजर्सने 2024 साठी 10 कोटी डॉलरहून अधिक कर भरला आणि 2024 व 2025 ची विजेतेपदे पटकावली, तर काही संघांचा संपूर्ण वेतनखर्चच 10 कोटी डॉलरच्या आत होता. सध्याचा सामूहिक करार 1 डिसेंबर 2026 रोजी संपतो आणि मर्यादेची मागणी या दरीमुळेच पुन्हा वर आली आहे. अमेरिकी फुटबॉल, बास्केटबॉल आणि आइस हॉकीत मर्यादा आहे. हॉकीने त्यापायी 2004-05 चा सबंध हंगाम गमावला. या लीगमध्ये मर्यादा महसुलाच्या हिश्शाला बांधलेली असते आणि संघाने किमान किती खर्च केलाच पाहिजे हेही ठरलेले असते. बेसबॉल खेळाडूंचा विरोध तरीही मावळलेला नाही, कारण महसूल किती हे सांगणारे हिशेब मालकांच्याच हाती असतात.

भारतात क्रम उलटा लागला. 20 फेब्रुवारी 2008 रोजी मुंबईत आयपीएलचा पहिला लिलाव झाला तेव्हा प्रत्येक संघाची पर्स, म्हणजे खेळाडूंवर खर्च करण्याची मर्यादा, 50 लाख डॉलर होती. महेंद्रसिंह धोनीला चेन्नईने 15 लाख डॉलर मोजले, म्हणजे पर्सचा जवळजवळ एक तृतीयांश भाग एकाच खेळाडूवर गेला. लिलावात खेळाडू आपली मूळ किंमत ठरवतो आणि नाव देतो. तिथून पुढे त्याच्या हाती काही राहत नाही. कोणता संघ घ्यायचा हे त्याला सांगता येत नाही. संघ त्याला राखून ठेवू शकतो, सोडू शकतो किंवा त्याच्या संमतीने दुसऱ्या संघाला देऊ शकतो. दर काही वर्षांनी मेगा लिलाव होतो आणि बहुतेक सगळे पुन्हा हातोड्याखाली येतात. बेसबॉलमध्ये मिलर यांनी टाळलेली गर्दी इथे नियमानेच घडवली जाते.

बंधन किती कडक आहे ते 2010 मध्ये रवींद्र जडेजाच्या प्रकरणात दिसले. राजस्थान रॉयल्सचा हा खेळाडू दुसऱ्या संघाशी परस्पर बोलणी करतो, या कारणावरून त्याला संपूर्ण हंगामासाठी बंदी झाली. 2012 च्या लिलावात त्याच जडेजासाठी दोन संघांनी 20 लाख डॉलरची कमाल बोली गाठली, तेव्हा निर्णय बंद पाकिटातील बोलीने झाला आणि त्या पाकिटातील रक्कम खेळाडूला न मिळता क्रिकेट मंडळाकडे गेली. हा नियम नव्या रूपात आजही आहे. डिसेंबर 2025 च्या मिनी लिलावात कोलकात्याने कॅमेरॉन ग्रीनसाठी 25.20 कोटी रुपयांची बोली लावली. परदेशी खेळाडूंच्या मर्यादेनुसार त्याच्या वाट्याला 18 कोटीच येतात, वरची रक्कम खेळाडूंच्या कल्याणनिधीसाठी मंडळाकडे जाते. राष्ट्रीय संघात न खेळलेल्या अनकॅप्ड भारतीय खेळाडूंची गत काही काळ आणखी वाईट होती. 2011 मध्ये त्यांना लिलावातच घेतले नव्हते. प्रथम श्रेणीतील अनुभव पाहून 10, 20 किंवा 30 लाख रुपये असे ठरीव टप्पे होते.

श्रीरामपूरच्या झहीर खानला पहिल्या लिलावात बंगळुरूने घेतले आणि 2009 मध्ये रॉबिन उथप्पाच्या बदल्यात मुंबईला दिले. 2011 मध्ये बंगळुरूने त्याच्यासाठी पुन्हा 9 लाख डॉलर मोजले. त्यानंतर तो 2014 मध्ये मुंबईकडे 2.6 कोटींना आणि 2015 मध्ये दिल्लीकडे 4 कोटींना गेला.

संगमनेर तालुक्यातील आश्वी खुर्दच्या अजिंक्य रहाणेचा प्रवास वेतनमर्यादेची चाल अधिक स्पष्ट दाखवतो. मुंबईकडून सुरुवात करून तो 2011 मध्ये राजस्थानकडे गेला. राजस्थानवर दोन वर्षांची बंदी आल्यावर डिसेंबर 2015 मध्ये निवडपद्धतीने तो पुण्याकडे आला. धोनीनंतरची ही दुसरी निवड असल्याने पुण्याच्या पर्समधून 9.5 कोटी वजा होत होते. 2018 मध्ये राजस्थानने राइट टू मॅच, म्हणजे दुसऱ्या संघाच्या अंतिम बोलीइतकी रक्कम देऊन आपला जुना खेळाडू परत घेण्याचा हक्क, वापरून त्याला 4 कोटींना परत घेतले आणि 2019 च्या अखेरीस अदलाबदलीत दिल्लीला दिले. पुढच्या तीन लिलावांत तो मूळ किमतीलाच गेला: 2022 मध्ये कोलकाता 1 कोटी, 2023 मध्ये चेन्नई 50 लाख, 2025 मध्ये पुन्हा कोलकाता 1.5 कोटी. तिन्ही वेळा दुसरी बोली आलीच नाही. या 50 लाखांत चेन्नईला 2023 च्या विजेतेपदाच्या हंगामात 326 धावा मिळाल्या, त्याही 100 चेंडूंमागे 172 या गतीने, आणि रहाणे कसोटी संघात परतला. 2025 मध्ये कोलकात्याने कर्णधारपद या दीड कोटीच्या खेळाडूला दिले. उपकर्णधार व्यंकटेश अय्यरची किंमत होती 23.75 कोटी. खेळातील योग्यतेचा हा फरक नक्कीच नाही. पर्स ठरलेली असली की दोन-तीन नावांवर ती ओतली जाते, मग उरलेल्या पैशांत अनुभवी माणूस स्वस्तात मिळतो का हे पाहिले जाते. मर्यादेचा भार ताऱ्यांपेक्षा मधल्या फळीवर अधिक पडतो तो असा. नोव्हेंबर 2024 च्या मेगा लिलावात ऋषभ पंतला लखनौने 27 कोटी दिले, तेव्हा एकूण पर्स 120 कोटी होती.

मर्यादेच्या बाजूने खरे काही सांगता येते. डॉजर्ससारखा एकच संघ पैशाच्या जोरावर सगळे गोळा करू शकत नाही, आणि पर्सच्या 75 टक्के खर्च करण्याची सक्ती असल्याने मालकाला हात आखडता घेता येत नाही. प्रश्न मर्यादा कोण आणि कशाच्या आधारे ठरवतो हा आहे. आयपीएलचे 2018 ते 2022 या पाच वर्षांचे प्रक्षेपण हक्क 16,347.5 कोटींना विकले गेले, 2023 ते 2027 चे 48,390 कोटींना. म्हणजे जवळजवळ तिप्पट. पर्स 2018 मध्ये 80 कोटी होती, 2025 मध्ये 120 कोटी झाली, म्हणजे दीडपट. दर सामन्याला साडेसात लाखांचे नवे मानधन आणि इतर रकमा धरूनही 2025 ची एकूण मर्यादा 146 कोटी होती. महसूल आणि पर्स यांना जोडणारे सूत्र अमेरिकेतील मर्यादा असलेल्या त्या तिन्ही लीगमध्ये करारात लिहिलेले असते. आयपीएलमध्ये पर्स किती असावी हे मंडळ आणि संघमालक ठरवतात.

प्रो कबड्डी लीगने 2014 मध्ये हीच पद्धत उचलली. पहिल्या लिलावात राकेश कुमारला मिळालेले 12.80 लाख सर्वाधिक होते. 2023 मध्ये पवन सेहरावतची बोली 2.605 कोटींवर गेली आणि त्या वेळी संघाची पर्स 5 कोटी होती. त्याच हंगामात पुणेरी पलटणने अस्लम इनामदारला आपल्या राखून ठेवलेल्या तरुण खेळाडूंत धरून कर्णधार केले आणि 1 मार्च 2024 रोजी हैदराबादमध्ये हरियाणा स्टीलर्सला 28-25 असे हरवून पहिले विजेतेपद मिळवले. तरुण खेळाडूला राखण्याची ही सोय संघाला स्वस्त पडते आणि खेळाडूला स्थैर्य देते. पण खुल्या बाजारात आपली किंमत किती, हे त्याला त्या काळात कळू शकत नाही.

देशांतर्गत क्रिकेटमध्ये बंधन दुसऱ्या प्रकारचे आहे. एका राज्याकडून दुसऱ्या राज्याकडे जायचे तर ना हरकत प्रमाणपत्र लागते. 2025 मध्ये पृथ्वी शॉ ते घेऊन मुंबईकडून महाराष्ट्राकडे गेला. यशस्वी जयस्वालने गोव्यासाठी मागितलेले प्रमाणपत्र नंतर स्वतःच नको म्हणून कळवले.

बेसबॉलमधील मुक्तता न्यायालयाने दिली नाही आणि मालकांनी तर नाहीच. संघटनेने करारात घालून घेतलेल्या एका लवादाच्या कलमातून ती आली. भारतात सर्वोच्च न्यायालयाने नेमलेल्या लोढा समितीच्या शिफारशीनुसार 2019 मध्ये इंडियन क्रिकेटर्स असोसिएशन स्थापन झाली, परंतु ती निवृत्त खेळाडूंची संघटना आहे. मैदानावर खेळत असलेल्या क्रिकेटपटूंच्या वतीने मंडळाशी सामूहिक करार करणारी मान्यताप्राप्त संघटना भारतात नाही.