स्वयंपाकघरातला फुगा

अँजिओप्लास्टी म्हटलं की आपल्याला मोठं हॉस्पिटल आणि त्याहून मोठं बिल आठवतं. पण तिचा फुगा तयार झाला झ्युरिकमधल्या एका स्वयंपाकघरात. आंद्रेआस ग्रुंट्झिग हा जर्मन डॉक्टर दिवसा ड्यूटी करायचा आणि रात्री घरच्या टेबलावर प्लॅस्टिकच्या नळ्या, दोरा, गोंद घेऊन बसायचा. सोबत बायको, सहायक मारिया श्लुम्फ आणि तिचा नवरा. अडचण अशी, की साधा रबरी फुगा जिकडे जागा मिळेल तिकडे फुगतो. याला ठरलेल्या मापावर थांबणारा फुगा हवा होता. शेवटी पीव्हीसीने काम केलं.

१९७६ मध्ये त्याने कुत्र्यांवरचे प्रयोग मायामीच्या परिषदेत मांडले. फार थोड्यांनी विश्वास ठेवला.

१६ सप्टेंबर १९७७. ३८ वर्षांचा पेशंट, हृदयाची मुख्य धमनी अरुंद झालेली. तो पूर्ण जागा, आणि गरज पडलीच तर बायपास करायला सर्जन तयार. फुगा दोनदा फुगवला, वाट मोकळी झाली. स्टेंट तेव्हा नव्हताच. मला खरं कौतुक त्या पेशंटचं वाटतं. मी तर फोनचं अपडेटसुद्धा चार दिवस थांबून घेतो!

१९८५ मध्ये स्वतःचं विमान चालवताना अपघातात ग्रुंट्झिग गेला, अवघ्या ४६ व्या वर्षी. १९८७ मध्ये त्या पेशंटची पुन्हा अँजिओग्राफी झाली. धमनी उघडीच होती.