5 मिलिमीटरच्या भोकातला इतिहास: गिटारची दांडी ढिली का होते?

लोकलच्या, एसटीच्या आवाजात ज्यांना एपिसोड नीट ऐकू आला नाही, त्यांच्यासाठी नेहमीप्रमाणे हा लिखित मजकूर. बोलताना मी जिथे फारच भरकटलो होतो, तेवढं काढून टाकलंय.

आजचा विषय इलेक्ट्रिक गिटारची ढिली झालेली दांडी. गिटार वाजवत नसाल तरी थांबा, कारण गोष्ट गिटारपेक्षा मोठी आहे. इंच आणि मिलिमीटर यांच्यातलं भांडण अजून मिटलेलं नाही, आणि ते तुमच्या घरातल्या नळापासून गिटारपर्यंत सगळीकडे चालू आहे. ही त्याची गोष्ट.

आधी ही दांडी म्हणजे काय ते बघू. गिटारच्या अंगावर जिथे तारा अडकवलेल्या असतात, त्या पुलाला एक वाकडी लोखंडी दांडी लावलेली असते. ती खाली दाबली की सगळ्या तारा एकदम सैल पडतात आणि स्वर खाली घसरतो. सोडली की पाठीमागच्या स्प्रिंगा पुलाला परत जागेवर ओढतात. आपल्याकडे सतारीवर तार बोटानं ओढून मींड काढतात. तेच काम इथे एक यंत्र करतं. जिमी हेंड्रिक्सनं 18 ऑगस्ट 1969 ला वुडस्टॉकच्या मंचावर अमेरिकेचं राष्ट्रगीत वाजवताना जे बॉम्बसारखे आवाज काढले, त्यात या दांडीचा मोठा हात होता.

हिला सगळे 'ट्रेमोलो' म्हणतात. हे नाव मुळातच चुकीचं आहे. ट्रेमोलो म्हणजे आवाज लहानमोठा होणं. स्वर वरखाली होतो त्याला व्हायब्रेटो म्हणतात. ही गडबड लोकप्रिय केली लिओ फेंडर यांनी. कॅलिफोर्नियातल्या फुलर्टन गावात रेडिओ दुरुस्तीचं दुकान चालवणारा हा माणूस. गंमत म्हणजे त्यांना स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! 1954 साली त्यांची स्ट्रॅटोकास्टर बाजारात आली, त्याच वर्षी त्यांनी या पुलाच्या पेटंटसाठी अर्ज केला आणि 1956 मध्ये ते मिळालं. पेटंटमध्ये नाव 'ट्रेमोलो'. पुढे त्यांच्याच कंपनीच्या अँप्लिफायरवर खरा ट्रेमोलो आला, तर त्यावर लिहिलं 'व्हायब्रेटो'. म्हणजे दोन्ही नावं उलटीपालटी, आणि आजवर तशीच चालू.

फेंडर यांच्या आधीही असे प्रयत्न झाले होते. डॉक कॉफमन यांनी 1930 च्या सुमारास 'व्हायब्रोला' नावाची युक्ती काढली होती. पण ती हलवली की गिटार बेसूर व्हायची. मर्ल ट्रॅव्हिस या गिटारवादकाच्या याच तक्रारीवरून पॉल बिग्जबी यांनी आपली वेगळी यंत्रणा बनवली. कॉफमन आणि फेंडर 1945 मध्ये भागीदारही होते. म्हणजे फेंडर यांच्यासमोर जुन्या यंत्रणांचे दोष होते, आणि ते त्यांनी बऱ्यापैकी दूर केले. एक दोष मात्र राहिला. दांडी पुलाखालच्या धातूच्या ठोकळ्यात आट्यांवर फिरवून बसवायची. गाणं वाजवताना ती पुढे घ्यायची, नको तेव्हा बाजूला सारायची. म्हणजे प्रत्येक वेळी आट्यावर आटा घासतो. दिवसातून शंभरदा हलणारा बोल्ट झिजणारच.

पण दांडी ढिली होण्याचं हे अर्धंच कारण. उरलेल्या अर्ध्यासाठी आपल्याला 1841 च्या इंग्लंडमध्ये जावं लागेल.

त्या काळी प्रत्येक कारखान्याचे आटे वेगळे असायचे. एकाचा नट दुसऱ्याच्या बोल्टला बसायचा नाही. जोसेफ व्हिटवर्थ यांनी 1841 मध्ये सुचवलं की सगळ्यांनी एकच माप वापरा, आट्याचा कोन 55 अंश ठेवा. ब्रिटननं ते उचललं आणि ब्रिटिशांबरोबर ते भारतातही आलं. जुन्या बुलेटवर काम करणाऱ्या गॅरेजवाल्याला विचारा, तो अजून 'इंची पाना' आणि 'एमएम पाना' असे दोन वेगळे संच दाखवेल. तिकडे अमेरिकेत विल्यम सेलर्स यांनी 1864 मध्ये 60 अंशांचा आटा मांडला. युरोप मिलिमीटरकडे गेला. म्हणजे जगात तीन पद्धती झाल्या.

दुसऱ्या महायुद्धात याचा खरा फटका बसला. ब्रिटिशांचं मर्लिन हे विमानाचं इंजिन अमेरिकेत पॅकार्ड कंपनीनं बनवायला घेतलं, तेव्हा ब्रिटिश मापाचे आटे पाडायची अवजारं तिला स्वतः तयार करावी लागली. अखेर 18 नोव्हेंबर 1948 ला अमेरिका, ब्रिटन आणि कॅनडा यांनी एका समान आट्यावर सह्या केल्या. तोही इंचातलाच. सहा वर्षांनी आलेल्या स्ट्रॅटच्या दांडीचा आटा याच कुळातला: 10-32. म्हणजे जाडीचा नंबर 10 आणि एका इंचात 32 आटे.

आता आकडे बघा. 10-32 ची जाडी 4.83 मिलिमीटर आणि दोन आट्यांमधलं अंतर 0.794 मिलिमीटर. मिलिमीटरवाल्या 5 च्या बोल्टची जाडी 5 आणि अंतर 0.8. डोळ्यांना फरक दिसणारच नाही. पण फरक आहे, आणि तिथेच सगळी मेख आहे.

1982 मध्ये फेंडर कंपनीनं स्क्वायर हा ब्रँड जपानमध्ये बनवायला सुरुवात केली. पुढे कोरिया, चीन, इंडोनेशिया. आशियातले कारखाने मिलिमीटरवर चालतात, त्यामुळे तिकडच्या गिटारच्या दांड्या बहुतेक वेळा 5 किंवा 6 मिलिमीटरच्या. आकार तोच, रूप तेच, आटा मात्र दुसरा. आणि आपल्याकडे स्वस्तात मिळणाऱ्या बहुतेक गिटार याच जातीच्या.

हे सगळं मला शोधावं लागलं ते माझ्या मामेभावामुळे. तो पेण तालुक्यातल्या जोहे गावात गणपतीच्या कारखान्यात डोळ्यांची आखणी करतो. हमरापूर-जोहे पट्टा मूर्तींसाठी किती प्रसिद्ध आहे, हे तुम्हाला सांगायला नको. सीझनच्या पैशांतून त्यानं सेकंडहँड गिटार घेतली. दांडी नव्हती, म्हणून ऑनलाइन मागवली. ती फिरवून बसली खरी, पण लटलट हलत होती. एका दुकानात त्याला सांगितलं, "आटे गेलेत, अख्खा पूल बदला." खर्च गिटारच्या निम्म्या किमतीएवढा. तो गिटार विकायला निघाला होता.

आटे गेले नव्हते. दांडी इंचातली होती आणि भोक मिलिमीटरमधलं. फरक 0.17 मिलिमीटरचा, पण दांडी वीतभर लांब. आट्यात केसाएवढी जागा असली की टोकाशी ती चांगली काही मिलिमीटर डुगडुगते. बरं, पूल बदलायचा तर तोही सहज बसला नसता. मूळ अमेरिकन मापात पुलाच्या सहा स्क्रूंमधलं पहिल्यापासून शेवटपर्यंतचं अंतर सुमारे 56.4 मिलिमीटर असतं. आशियातल्या अनेक गिटारवर ते 52.5 असतं. म्हणजे लाकडाला नवी भोकं!

मजा अशी की ज्या गावात हे घडलं, तिथे अख्खा धंदा अजून फुटात बोलतो. दोन फुटी मूर्ती, चार फुटी मूर्ती. भारतानं मेट्रिक मापांचा कायदा 1956 मध्ये केला. 1957 मध्ये नवे पैसे आले, 1958 पासून किलो आणि मीटर यायला लागले. तरी 2020 च्या करोनाकाळात राज्य सरकारनं मूर्तींच्या उंचीवर मर्यादा घातली, ती घरगुतीसाठी 2 फूट आणि मंडळांसाठी 4 फूट अशीच. सुतार अजून इंचाचे आठ सूत मोजतो, प्लंबर अर्धा इंची पाईप मागतो, जमीन गुंठ्यात विकली जाते. आपण दोन्ही मापांत सहज जगतो, कारण मूर्ती अर्धा सूत कमी-जास्त झाली तरी ती मूर्तीच राहते. आट्याला ही सवलत नाही.

तर आता दुरुस्ती. मुद्दाम क्रमानं सांगतो.

पहिलं, खरंच दांडीच ढिली आहे का ते बघा. पूर्ण पूलच डुगडुगत असेल तर प्रश्न पाठीमागच्या स्प्रिंगांचा किंवा पुढच्या स्क्रूंचा आहे. दांडी फक्त दाबून बसवायची असेल, आटे नसतील, तर तिच्या भोकाजवळ कसायचा छोटा स्क्रू किंवा नट असतो का ते शोधा.

दुसरं, माप घ्या. व्हर्निअर असेल तर दांडीच्या आट्यांची जाडी मोजा. 4.7 ते 4.8 म्हणजे 10-32, 4.9 ते 5 म्हणजे 5 मिलिमीटर, 6 च्या जवळ म्हणजे 6 मिलिमीटर. भोकाचं माप कळायला हार्डवेअरच्या दुकानातून 5 आणि 6 चा एकेक बोल्ट आणा आणि फक्त बोटांनी फिरवा. 6 चा सरळ गेला तर भोक 6 चं. 5 चा लोण्यासारखा गेला तर 5 चं. 5 चा एक-दोन फेऱ्यांत अडकला तर भोक बहुधा 10-32 चं. पाना लावून जोर करू नका. स्वस्त गिटारचा ठोकळा मऊ धातूचा असतो, मग मात्र आटे खरंच जातील.

तिसरं, माप जुळत असूनही दांडी सैल असेल तर प्लंबरची टेफलॉन टेप घ्या. दहा-वीस रुपयांची गुंडाळी वर्षानुवर्षं पुरते. आटे पुसून कोरडे करा. दांडीचं आट्यांचं टोक आपल्याकडे धरून घड्याळाच्या काट्याच्या दिशेनं दोन-तीन वेढे द्या. उलटे दिलेत तर फिरवताना टेप गोळा होऊन बाहेर येईल.

चौथं, दांडी हव्या त्या जागी थांबत नसेल तर भोकाच्या तळाशी छोटी स्प्रिंग टाका. स्ट्रॅटसाठी अशी स्प्रिंग वेगळी मिळते. नसेल तर बॉलपेनच्या स्प्रिंगचा अर्धा सेंटिमीटर तुकडाही चालतो. ती खालून रेटते, आटे एकमेकांना घट्ट भिडतात आणि दांडी डुलत नाही.

पाचवं, फेविक्विक नको. कधीच नको. आणि खाडीकाठी राहणाऱ्यांनो, पावसाळ्यात गिटार नुसती पडून असेल तर दांडी काढून आट्यांना तेलाचा पुसटसा हात लावून ठेवा. खारी हवा लोखंडाला सोडत नाही. एकदा दांडी आत गंजून बसली की मग काढणं महाकठीण.

मामेभावानं 5 मिलिमीटरची दांडी घेतली, टेपचे दोन वेढे दिले. गिटार विकली नाही.

मला या गोष्टीत महत्त्वाचं वाटतं ते एवढंच. 'आटे गेले' हे वाक्य आपण फार लवकर मान्य करतो. मिक्सरचं भांडं, सायकलचं पेडल, नळाची तोटी, सगळ्यांबाबत. बऱ्याचदा वस्तू खराब झालेली नसते. दोन वेगळ्या देशांतल्या, दोन वेगळ्या काळांतल्या मापांची आपण जबरदस्तीनं जोडी लावलेली असते. त्यामुळे फेकण्याआधी मोजा. मोजताना आकडा पूर्ण येत नसेल, 4.83 सारखा अडनिडा येत असेल, तर तो इंचात करून बघा. तिथे तो बरोबर बसेल.

तुमच्या घरात किंवा गॅरेजमध्ये इंच-मिलिमीटरची अशी जुंपलेली असेल तर मला व्हॉइस नोट पाठवा. चांगल्या किश्शांचा पुढे एक वेगळा एपिसोड करू. तोवर ऐकत राहा!