जोडीदार शोधणारे तुकडे

हॅरी मार्कोविट्झ यांना १९९० मध्ये अर्थशास्त्राचं नोबेल मिळालं, ते गुंतवणुकीतल्या जोखमीवरच्या कामासाठी. त्यांचं दुसरं काम फारसं कोणाला ठाऊक नाही. १९६३ मध्ये सिमस्क्रिप्ट या भाषेसाठी मेमरी वाटताना त्यांनी एक युक्ती वापरली. बेल लॅब्जमधल्या केनेथ नोल्टन यांना ती स्वतंत्रपणे सुचली आणि १९६५ मध्ये त्यांनी ती प्रसिद्ध केली. संगणकावर ॲनिमेशन करणाऱ्या पहिल्या मंडळींपैकी हे नोल्टन! आज लिनक्स कर्नल याच ‘बडी’ म्हणजे जोडीदार पद्धतीने मेमरी वाटतो.

मेमरीची सारख्या आकाराची पानं पाडायची कल्पना तेव्हा नवीनच होती. मँचेस्टरच्या ॲटलस संगणकाने १९६२ मध्ये ती प्रत्यक्षात आणली. पण एकदम सलग आठ पानं हवी असतील तर? आणि ती परत आल्यावर मोकळी जागा पुन्हा सलग कशी करायची?

उत्तर विलक्षण सोपं आहे. तुकडे दोनच्या घातांकातच ठेवायचे: १, २, ४, ८, १६ पानं. हव्या त्या मापाचा तुकडा नसेल, तर मोठा घेऊन निम्मा करत जायचं. खरी गंमत परतीच्या वेळी येते. पान क्रमांक २४ पासूनचा आठ पानांचा तुकडा मोकळा झाला, की २४ च्या द्विमान रूपातला आठचा बिट उलटायचा, १६ मिळतात. तिथला आठ पानांचा तुकडाही अख्खा मोकळा असेल, तर दोन्ही मिळून सोळा पानांचा एक तुकडा होतो. जोडीदार हुडकायला यादी चाळावी लागत नाही. इतकी स्वस्त जोडणी हेच या पद्धतीच्या दीर्घायुष्याचं कारण.

किंमत मात्र मोजावी लागते. पाच पानं हवी असताना आठ पानांचा तुकडा जातो. शिवाय एखादं न हलवता येणारं पान मधेच अडून बसलं, की शेजारची मोकळी जागा जोडता येत नाही. म्हणून लिनक्समध्ये मेल गोरमन यांनी हलवता येणारी आणि न येणारी पानं वेगळी ठेवायची व्यवस्था केली. ती २००८ च्या सुरुवातीला कर्नलच्या २.६.२४ आवृत्तीतून आली.

शंभर बाइटच्या वस्तूसाठी ४०९६ बाइटचं अख्खं पान देणं तर परवडतच नाही. त्यावर सन कंपनीच्या जेफ बॉनविक यांनी १९९४ मध्ये ‘स्लॅब’ हा उपाय मांडला: एका पानात एकाच जातीच्या अनेक वस्तू बसवायच्या. लिनक्सनेही तो उचलला. पुढे ‘स्लब’ नावाचा सुटसुटीत अवतार आला आणि २०२४ मध्ये ६.८ आवृत्तीतून जुना स्लॅब काढून टाकला गेला. स्लबला लागणारी पानं अजूनही बडी पद्धतच पुरवते.