मुदत, मदत आणि उचल

मुदत आणि मदत हे दोन शब्द सख्खे भाऊ आहेत. ३१ जुलैच्या रात्री आयकराच्या संकेतस्थळावरचं गोल फिरणारं चक्र बघत बसलेल्याला हे नातं सहज पटावं. दोन्ही शब्द अरबी, फारसीच्या वाटेने आपल्याकडे आलेले, आणि दोन्हींच्या मुळाशी म-द-द हा एकच धातू: ताणणे, लांबवणे. लांबत जाणारा काळ ती मुद्दत, पुढे पाठवलेली कुमक ती मदद. मराठीने एकातला जोड ‘द’ सैल केला, दुसऱ्याच्या शेवटच्या ‘द’चा ‘त’ केला, त्यामुळे भाऊ आणखीच सारखे दिसू लागले.

मग ‘मुदतवाढ’ म्हणजे काय, तर ताणलेलं आणखी ताणणं. २०२५ साली पगारदारांसारख्या करदात्यांची ३१ जुलैची मुदत १५ सप्टेंबरवर गेली आणि तिथून अजून एक दिवस सरकून १६ वर. शब्द आपल्या व्युत्पत्तीला इतका जागलेला क्वचित दिसतो.

‘डेडलाइन’चं कूळ निराळं. अमेरिकेतल्या यादवी युद्धात, १८६४ साली, जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलच्या कैदी छावणीत तटाच्या आतल्या बाजूला एक हद्द आखलेली होती. ती ओलांडणाऱ्या कैद्याला पहारेकरी गोळी घालत. पुढे वर्तमानपत्रांच्या कचेऱ्यांत हा शब्द रुळला आणि तिथून सगळीकडे पसरला. पण याच अमेरिकेत १५ एप्रिलच्या आत नुसता अर्ज केला, की रिटर्न भरायला १५ ऑक्टोबरपर्यंत सवड मिळते. कर भरायला मात्र नाही. तिथे व्याज चालू होतं. म्हणजे कागदासाठी मुदत आणि पैशासाठी डेडलाइन, असं तिथल्या मराठी मंडळींनी म्हणायला हरकत नाही.

आपल्याकडे मुदत नुसती कचेरीत राहिली नाही. मुदत ठेव आहे, मुदतबाह्य औषध आहे, आणि टायफॉइडला जुनी माणसं ‘मुदतीचा ताप’ म्हणत: आपले दिवस पुरे केल्याशिवाय न उतरणारा. रिटर्न उशिरा भरणाऱ्याला ५,००० रुपयांपर्यंत विलंब शुल्क पडतं, तेव्हा चढतो तो याच जातीचा असावा.

रिटर्नला ‘विवरणपत्र’ हा शब्द फार चांगला सापडला आहे, पण तो बोलतं कोण? विवरण म्हणजे उघडून दाखवणं. ‘विवर’ही त्याच घरचं. उलट बाजूला आवरण, आणि आपलं रोजचं आवरणं. मिळकत उघडी करायची की आवरून ठेवायची, यावरच आयकर खात्याचा सगळा व्यवहार चालतो.

आता पीएफ. ‘भविष्य निर्वाह निधी’ हे नाव १९५२च्या कायद्याइतकंच भारदस्त. त्यातला ‘निधी’ मात्र साधा आहे: नि आणि धा, खाली ठेवणे. आपली ‘ठेव’ तीच. आणि खाली ठेवलेलं काढायचं म्हणजे उचलायचं. ऊसतोड मजूर हंगामाआधी मुकादमाकडून घेतो ती ‘उचल’. सरकारी कागद ‘अग्रिम’ म्हणतो, कर्मचारी ‘ना-परतावा काढला’ म्हणतात. मला उचल हाच शब्द नेमका वाटतो. फरक एवढाच, की मजुराची उचल पुढच्या श्रमातून फिटते. पीएफची उचल मागच्या श्रमांतून येते आणि फिटते पुढच्या म्हातारपणातून.

सलग पाच वर्षांच्या सेवेआधी पीएफ काढला तर त्यावर कर लागतो, रक्कम ५०,०००च्या घरात गेली की १० टक्के आधीच कापून घेतात. आजारपणामुळे किंवा मालकाचा धंदा बंद पडून नोकरी गेली असेल तर सूट. नोकरी बदलताना खातं सोबत नेलं, तर आधीच्या नोकरीची वर्षंही मोजली जातात. बदलीत खातं तोडून पैसे घेणाऱ्यांना हे फार उशिरा कळतं.

पीपीएफला उचल हा शब्द पुरत नाही. १५ वर्षांचं ते खातं पाच वर्षांनंतर, गंभीर आजार किंवा उच्च शिक्षणासारख्या कारणासाठीच मुदतीआधी बंद करता येतं, आणि व्याज एक टक्क्याने कमी मिळतं. अशा वेळी घरात क्रियापद वेगळं येतं. सोनं मोडतात, एफडी मोडतात, तसं पीपीएफ मोडतात. अर्जावर मात्र ‘मुदतपूर्व’ लिहायचं असतं.