तीन वर्षांचे डॉक्टर

१ नोव्हेंबर २००० ला छत्तीसगड वेगळं झालं. राज्यात सरकारी मेडिकल कॉलेज एकच, तेही राजधानी रायपुरात. शिकलेला डॉक्टर बस्तरला जाईना. मग २००१ मध्ये सरकारनं कायदाच केला आणि तीन वर्षांचा वैद्यकीय अभ्यासक्रम काढला.

कल्पना नवी नव्हती. इंग्रजांच्या काळात कमी मुदतीत शिकलेले एलएमपी होतेच. १९४६ मध्ये भोर समितीनं देशभर एकाच प्रकारचा डॉक्टर असावा असं सुचवलं आणि पुढे तो वर्ग संपला.

रायपुरातही तसंच घडत गेलं. इंडियन मेडिकल असोसिएशननं विरोध केला. अभ्यासक्रमाचं नाव इतक्यांदा बदललं की आपण नक्की कोण होणार, हे पोरांनाच कळेना. ती रस्त्यावर उतरली. काही वर्षांत प्रवेश बंद झाले.

जे शिकून बाहेर पडले, त्यांना सरकारनं प्राथमिक आरोग्य केंद्रांत नेमलं. हुद्दा ‘ग्रामीण वैद्यकीय सहायक’. २०१० मध्ये एका अभ्यासानं त्यांना तपासलं. नेहमीच्या आजारांत त्यांची कुवत तिथल्या एमबीबीएस डॉक्टरांच्या तोडीची निघाली. तोवर नवे प्रवेश थांबून बराच काळ झाला होता.