पोटरीतला ठणका, छातीतली धाप

पाय सुजला, पोटरी ठणकायला लागली की आपल्याकडे पहिली आठवण होते ती तेलाच्या वाटीची. कोमट तेल लावावे, खालून वर चोळावे, पाय उशीवर ठेवून पडावे. सकाळपर्यंत बरे वाटेल, असा घरोघरचा सल्ला. बहुतेक वेळा तसे होतेही. चालून चालून पाय भरून येतात, पोटरीत गोळा येतो आणि जातो. पण कधीकधी त्या सुजेचा अर्थ निराळा असतो. पोटरीच्या किंवा मांडीच्या खोल शिरेत रक्त गोठून गुठळी झालेली असते. ती सुटली तर रक्ताबरोबर वर चढते, हृदयातून फुप्फुसात जाते आणि तिथली वाट अडवते. गुठळी मोठी असेल तर काही मिनिटांत माणूस दगावू शकतो. असा पाय चोळणे म्हणजे ती गुठळी सुटण्याचा धोका ओढवून घेणे.

मी डॉक्टर नाही; वैद्यकाचा इतिहास हा माझ्या आवडीचा विषय. या आजाराचा इतिहास वाचताना मला एक गोष्ट पुन्हा पुन्हा जाणवली. खूण दिसत नव्हती, असे फारसे झाले नाही. खूण डोळ्यांसमोर होती. तिचा अर्थ मात्र प्रत्येक काळाने आपापल्या समजुतीप्रमाणे लावला.

या आजाराची सर्वांत जुनी स्पष्ट नोंद म्हणून जी सांगतात, ती १२७१ सालची, फ्रान्समधली आहे. नॉर्मंडीतल्या राउल नावाच्या वीस वर्षांच्या तरुणाची उजवी पोटरी दुखू लागली आणि सूज मांडीपर्यंत चढली. शल्यवैद्याने थांबून वाट पाहायला सांगितले. पुढे पायावर जखमा झाल्या. अखेर तो संत मानल्या गेलेल्या लुई राजाच्या समाधीवर गेला आणि बरा झाला, असे ही हकिगत सांगते. लिहिणाऱ्याला नोंदवायचा होता तो चमत्कार. पण एकाच पायाची सूज, पोटरीपासून वर चढणारे दुखणे, ही लक्षणे त्याने इतकी नीट टिपली की आजच्या डॉक्टरांनाही त्यावरून रोगाचा अंदाज बांधता येतो.

बाळंतिणींच्या बाबतीत तर ही खूण सर्रास दिसे. बाळंतपणानंतर काही दिवसांनी एखादीचा एक पाय सुजून पांढराफटक होई. अठराव्या शतकातल्या युरोपात याला ‘दुधाचा पाय’ म्हणत. अंगावरचे न प्यायलेले दूध पायात उतरते, अशी त्या काळच्या नामवंत वैद्यांचीही समजूत होती. आज हसू येईल, पण त्यामागे तर्क होता. सूज यायची ती नेमकी दूध येण्याच्या दिवसांत, आणि दिसायची पांढरी. पुढे लंडनच्या डेव्हिड डेव्हिस यांनी मृत स्त्रियांच्या शवविच्छेदनावरून दाखवले की दोष दुधात नसून पायाच्या शिरांत आहे. त्या गोठलेल्या रक्ताने बंद झालेल्या असतात. त्यांचे हे निरीक्षण १८२३ मध्ये छापून आले.

तरीही एक धागा जुळायचा राहिला होता. पाय सुजणारे रुग्ण एकीकडे आणि अचानक धाप लागून मरणारे रुग्ण दुसरीकडे. फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत गुठळी सापडे, पण ती तिथेच, दाह होऊन तयार झाली असे मानत. हा धागा जुळवला तो बर्लिनच्या रुडॉल्फ फिर्खो यांनी. १८४६ पासून पुढची दहा वर्षे त्यांनी या प्रश्नाचा पाठपुरावा केला. कुत्र्यांच्या मानेतल्या शिरेत त्यांनी रबराचे तुकडे सोडले आणि नंतर ते फुप्फुसाच्या रक्तवाहिनीत सापडतात, हे दाखवून दिले. शिरेत अडकलेली वस्तू प्रवास करते, हे सिद्ध झाले. ‘थ्रॉम्बोसिस’ म्हणजे रक्त जागच्या जागी गोठणे आणि ‘एम्बोलिझम’ म्हणजे गुठळीने वाहत जाऊन दुसरीकडे वाट अडवणे, हे दोन शब्द त्यांनीच रूढ केले. आज १३ ऑक्टोबर हा त्यांचा जन्मदिवस ‘जागतिक थ्रॉम्बोसिस दिन’ म्हणून पाळला जातो. २०१४ मध्ये त्याची सुरुवात झाली.

रक्त गोठण्याचे एक मोठे कारण म्हणजे त्याचा प्रवाह मंदावणे. पोटरीचे स्नायू हलले की ते शिरांतले रक्त वर ढकलतात. माणूस तासन्‌तास न हलता बसला की हा पंप बंद पडतो. याचा कठोर दाखला दुसऱ्या महायुद्धात मिळाला. सप्टेंबर १९४० मध्ये लंडनवर जर्मन विमानांचे रात्रीचे हल्ले सुरू झाले. हजारो लोक निवाऱ्यांत रात्री काढू लागले. निजायला जागा नाही, म्हणून अनेकजण कापडी आरामखुर्च्यांत बसूनच झोपत. खुर्चीची पुढची लाकडी दांडी मांडीखाली रुते आणि शिरा दाबल्या जात. बॉम्बचा ओरखडाही न लागलेली माणसे निवाऱ्यातून बाहेर पडताना किंवा घरी पोचल्यावर कोसळू लागली. गायज हॉस्पिटलचे न्यायवैद्यक तज्ज्ञ कीथ सिम्पसन यांनी शवविच्छेदनांचे आकडे पडताळले. फुप्फुसातल्या गुठळीने झालेले मृत्यू आदल्या वर्षीच्या त्याच काळापेक्षा सुमारे सहापट होते. डिसेंबर १९४० मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये त्यांचा लेख आला. निवाऱ्यांत लोकांना आडवे होता यावे म्हणून फळ्यांचे बिछाने हवेत, हा त्यातला मुद्दा होता. असे बिछाने पुढे मोठ्या प्रमाणावर बसवले गेले.

बसून राहण्याचा हा धोका, तर पडून राहण्याचाही तोच. त्या काळी शस्त्रक्रियेनंतर किंवा बाळंतपणानंतर रुग्णाला दोन-दोन आठवडे अंथरुणातून उठू देत नसत. विश्रांती हेच औषध, असा पक्का समज होता. लंडनचे डॉक्टर रिचर्ड अ‍ॅशर यांनी १९४७ मध्ये ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये खाटेवर पडून राहण्याच्या धोक्यांवर गाजलेला लेख लिहिला. शिरांत रक्त गोठणे हा त्यांतला एक धोका होता. आपल्याकडे हा समज अजून पुरता गेलेला नाही. माझ्या मावशीच्या पायाला प्लास्टर होते तेव्हा घरातले सगळे तिला ‘हलू नकोस’ म्हणून बजावत होते. डॉक्टरांनी मात्र पहिल्याच भेटीत पायाची बोटे हलवत राहायला सांगितले.

खूण ओळखून उपयोग काय, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर १९६० साली ब्रिस्टलमध्ये मिळाले. बॅरिट आणि जॉर्डन या दोन डॉक्टरांनी फुप्फुसात गुठळी अडकल्याचे निदान झालेल्या रुग्णांचे दोन गट केले. आजच्यासारखे सीटी स्कॅन तेव्हा नव्हते. निदान केले होते ते खाटेजवळ उभे राहून, लक्षणे पाहूनच. रक्त गोठू न देणारे औषध ज्यांना दिले नाही, अशा १९ जणांपैकी ५ जण गुठळीने दगावले. औषध दिलेल्या १६ जणांपैकी गुठळीने एकही गेला नाही. त्यानंतर औषध न देता रुग्णाला नुसते पाहत राहणे डॉक्टरांना योग्य वाटेना. खूण वेळेत ओळखणे म्हणजे जीव वाचवणे, हे त्या दिवसापासून आकड्यांनी सांगता येऊ लागले.

तरीही रुग्णाचे म्हणणे ऐकून घेतले जाईलच असे नाही. टेनिसपटू सेरेना विल्यम्स हिला पूर्वी, २०११ मध्ये, हा आजार झालेला होता. सप्टेंबर २०१७ मध्ये सिझेरियन झाल्याच्या दुसऱ्या दिवशी तिला धाप लागली. काय झाले आहे हे तिने ओळखले आणि सीटी स्कॅन करा, असे नर्सला सांगितले. वेदनाशामक औषधाने ती गोंधळली असावी, असे नर्सला वाटले. आधी पायांची सोनोग्राफी झाली; त्यात काही सापडले नाही. मग सीटी स्कॅन केले, तेव्हा फुप्फुसात गुठळ्या दिसल्या. पायात काही दिसले नाही म्हणून छाती सुरक्षित, असे म्हणता येत नाही, हेही यातून कळते.

आता त्या खुणा थोडक्यात. दोन्ही नव्हे, एकच पाय सुजणे. पोटरीत किंवा मांडीत न जाणारा ठणका. तो भाग गरम लागणे. कातडीचा रंग बदलणे. सावळ्या कातडीवर लाली चटकन दिसत नाही, म्हणून दुसऱ्या पायाशी ताडून पाहावे. छातीच्या खुणा अशा : एकाएकी धाप लागणे, खोल श्वास घेताना छातीत कळ येणे, धडधड, खोकल्यातून रक्त पडणे, घेरी येऊन कोसळणे. नुकतीच शस्त्रक्रिया, प्लास्टर, बाळंतपण, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या, लांबचा बसून केलेला प्रवास किंवा घरात कोणाला पूर्वी गुठळी झालेली असणे, यांपैकी काही असेल तर संशय अधिक धरावा.

पायाची खूण दिसली तर चोळू नये, त्याच दिवशी डॉक्टरांना दाखवावे. छातीची खूण दिसली तर सकाळची वाट न पाहता १०८ ला फोन करावा किंवा जवळचे रुग्णालय गाठावे. २०२०-२१ च्या कोविडच्या साथीत ‘डी-डायमर’ हा शब्द आपल्या घराघरांत पोचला. ती रक्तचाचणी आणि पायाची डॉपलर सोनोग्राफी आता अनेक गावांत होते. लक्षणांवरून अंदाज बांधता येतो, खात्री तपासणीनेच होते. काही वेळा तर गुठळी असूनही एकही लक्षण दिसत नाही.

राउलला थांबायला सांगणाऱ्या शल्यवैद्यापाशी दुसरा उपाय नव्हता. आपल्यापाशी आहे. घरात कोणी ‘एकच पाय सुजलाय आणि जरा दम लागतोय’ म्हणाले, तर तेलाची वाटी बाजूला ठेवून रिक्षा बोलवावी.

(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)