साधना संस्था, लोणावळा

ख्रिस्ती प्रार्थनाजीवन आणि आध्यात्मिक मार्गदर्शन शिकवणारी येशूसंघीय संस्था. मुंबईत जन्मलेले फादर अँथनी डिमेलो (१९३१–८७) यांनी १९७२ मध्ये ती पुण्यात सुरू केली. पुढे ती लोणावळ्याला आली.

संस्थेचा पाया म्हणजे येशूसंघाचे संस्थापक संत इग्नेशियस लोयोला यांचे ‘आध्यात्मिक व्यायाम’. स्पेनमधील मान्रेसा येथे १५२२–२३ मध्ये स्वतःच्या अनुभवावरून त्यांनी ही टिपणे लिहायला घेतली; १५४८ मध्ये पोप तिसरे पॉल यांनी त्यांना मान्यता दिली. सुमारे तीस दिवसांची, चार ‘आठवड्यां’त विभागलेली ही साधना मौनात करायची असते. चिकाटी अंगी कशी बाणवावी याचा इतका बारीक विचार फार थोड्या भक्तिग्रंथांत सापडतो. एखादा दोष घालवायचा असेल, तर तो घडताच साधकाने छातीवर हात ठेवावा. चारचौघांतही ते कोणाच्या लक्षात येत नाही. दुपारच्या व रात्रीच्या जेवणानंतर तासातासाचा आढावा घेऊन, जितक्या वेळा चूक झाली तितके ठिपके कागदावरच्या रेषेवर द्यावेत. दिवसाला दोन रेषा. मग पहिली रेष दुसरीशी, आजचा दिवस कालच्याशी, हा आठवडा गेल्या आठवड्याशी ताडून पाहावा. प्रार्थनेत गोडी वाटेनाशी होऊन तास संपण्याआधीच उठावेसे वाटले, तर ठरल्यापेक्षा थोडे जास्तच बसावे. मन कोरडे पडले असताना आधी केलेला निश्चय बदलू नये. माझ्या मते साऱ्या पुस्तकाचे बळ या दोन सूचनांत आहे.

डिमेलो या तीस दिवसांच्या साधनेचे नावाजलेले मार्गदर्शक होते. प्रार्थना कशी करावी हेच कळत नाही, मन ठिकाणावर राहत नाही, ही तक्रार त्यांनी वर्षानुवर्षे ऐकली होती. १९७८ मध्ये आणंदच्या ‘गुजरात साहित्य प्रकाश’ने काढलेले त्यांचे ‘साधना’ हे इंग्रजी पुस्तक त्यातूनच आले. त्यात सुरुवातीला दहा मिनिटे नुसते शांत बसायचे. मग खांद्यावरच्या कपड्याचा, पाठीला टेकलेल्या खुर्चीचा स्पर्श ओळखायचा; नाकपुड्यांतून आत येणारा व बाहेर पडणारा श्वास न्याहाळायचा. शुभवर्तमानातील प्रसंग डोळ्यांपुढे आणून ख्रिस्ताशी बोलण्याची इग्नेशियसची रीत त्यानंतर येते. श्वासाला प्रार्थनेत मानाची जागा देणे बऱ्याच कॅथलिक साधकांना त्या काळी नवे होते. लोणावळ्याभोवतीच्या मावळाला मात्र ते परके नव्हते: कार्ले-भाजे-बेडशाची बौद्ध लेणी याच डोंगरांत आहेत, आणि स्वामी कुवलयानंदांनी १९२४ मध्ये स्थापलेले कैवल्यधाम लोणावळ्यातच.

डिमेलो १९८७ मध्ये न्यूयॉर्क येथे निवर्तले. त्यांच्या लेखनातील काही मते कॅथलिक श्रद्धेशी विसंगत असल्याचे रोमच्या श्रद्धाविषयक धर्मसभेने २४ जून १९९८ च्या सूचनापत्रात जाहीर केले. आरंभीची पुस्तके ख्रिस्ती अध्यात्माच्या चौकटीत आहेत, असेही त्याच पत्रात म्हटले आहे; ही बाजू सांगितल्याशिवाय त्या वादाचा उल्लेख करणे अन्यायाचे होईल.

महिनाभर घर सोडणे ज्यांना जमत नाही, त्यांचीही सोय इग्नेशियसने करून ठेवली आहे. ‘व्यायामां’च्या एकोणिसाव्या सूचनेप्रमाणे अशा व्यक्तीने आपले कामकाज सांभाळून रोज दीड तास काढावा आणि हाच क्रम मार्गदर्शकाच्या देखरेखीखाली सावकाश पुरा करावा.